मदत हवी आहे: पक्षाघातानंतर पुन्हा गाडी चालवायची आहे. आधी तपासणी की आधी गाडीत बदल?

पाऊलवाट:

मागच्या वर्षी मला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय कमजोर झाला. वय 46. बोलणं बरंचसं परत आलंय, घाईत असले की शब्द अडतो एवढंच. पायात स्प्लिंट (घोट्याला आधार देणारं साधन) घालून काठीशिवाय चालते. उजव्या हाताने कप धरता येतो, पण स्टीअरिंग वळवण्याइतका जोर नाही. फिट एकदाही आलेली नाही, रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात आहे.

गाडी मी पंचवीसेक वर्षं चालवलीय आणि मला ती पुन्हा चालवायची आहे. माझ्या कामात दिवसभर इथून तिथे जावं लागतं. सध्या प्रत्येक वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. नवरा कुरकुर न करता सोडतो, आणतो. पण त्याच्या सोयीची वेळ तीच माझी वेळ, हे किती दिवस चालणार?

ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो, डाव्या पायाने चालणारा ॲक्सिलरेटर बसवून देतो, एका दिवसाचं काम आहे. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं वेगळं आहे. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) ड्रायव्हिंगची रीतसर तपासणी करून घ्या, तोवर गाडीला हात लावू नका, असं त्यांनी बजावलंय. घरात यावर दोन मतं आहेत. नवऱ्याला वाटतं, हात-पाय सोडले तर बाकी सगळं ठीक आहे, मग तपासणी कशाला?

मी बंद गाडीत नुसती बसून पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि समोर बघत राहिले. थोड्या वेळाने खाली पाहिलं तर बूट ब्रेकवरून घसरून ॲक्सिलरेटरच्या कडेला टेकला होता. मला पत्ताच नव्हता. शिवाय ब्रेक जोरात दाबला की पाय थडथड उडायला लागतो, थांबवता येत नाही.

आणखी एक गोष्ट, कदाचित हिचा इथे संबंध नसेलही. दारातून जाताना माझा उजवा खांदा चौकटीला लागतो. बहीण म्हणते तुझं लक्ष नसतं. चष्म्याच्या दुकानात नजर तपासली, दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आलं.

या तपासणीत नेमकं काय करतात? त्यात नापास झालं की कायमचं बंद का? आणि माझ्यासारखीला डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बरा की हाताने चालवायची सोय? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटसरू:

ताई, माझे दोन्ही पाय मणक्याच्या दुखापतीमुळे चालत नाहीत आणि मी बरीच वर्षं हॅण्ड कंट्रोलवर गाडी चालवतो. माझ्या गाडीत स्टीअरिंगखाली एक दांडी आहे. ती पुढे ढकलली की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढली की वेग वाढतो. म्हणजे एक हात कायम दांडीवर आणि दुसरा स्टीअरिंगवर. तुमचा एकच हात भरवशाचा आहे, तेव्हा ही पद्धत तुमच्या कामाची नाही असं मला वाटतं. तुमच्या बाबतीत स्टीअरिंग डाव्या हाताने आणि पेडल डाव्या पायाने, असाच मार्ग निघेल.

पण तुमचे फिजिओ बरोबर सांगताहेत. माझ्या वेळी मी स्वतः निवडलेलं उपकरण आणि तपासणीनंतर सुचवलेलं उपकरण यांत फरक होता. माझ्या खांद्याची ताकद मोजून त्यांनी कमी जोर लागणारी दांडी सांगितली. आज खांदे शाबूत आहेत ते त्यामुळे.

शांतनदी:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि ड्रायव्हिंगच्या तपासण्या हेच माझं काम आहे. तुम्हाला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या लिहिण्यातल्या काही गोष्टींवर बोलायलाच हवं.

तुम्ही "संबंध नसेलही" म्हणून जे शेवटी लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करेन. उजवा खांदा चौकटीला लागणं. डाव्या मेंदूतल्या झटक्याने कधी कधी दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा अर्धा भाग जातो. एक डोळा झाकून पाहिलं तरी तेच, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत असतो. अक्षरांच्या तक्त्यावर हे कळत नाही. तो तक्ता फक्त नजरेच्या मधल्या भागाची तीक्ष्णता मोजतो. बाजूचं किती दिसतं यासाठी दृष्टिक्षेत्राची वेगळी चाचणी असते, तिला पेरिमेट्री म्हणतात. समोरच्या एका ठिपक्यावर नजर स्थिर ठेवायची आणि कडेला प्रकाश चमकला की बटण दाबायचं. अनेक देशांत खासगी गाडीच्या परवान्यासाठी आडवं दृष्टिक्षेत्र किमान 120 अंश लागतं.

दुसरी शक्यता अशी की डोळ्यांना दिसतं, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. याला निग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूच्या झटक्यात डाव्या बाजूचा निग्लेक्ट जास्त दिसतो, पण उलटही होतं. हा जास्त घातक, कारण काही सुटतंय हे माणसाला स्वतःला जाणवत नाही. आणि तिसरी, सगळ्यात सौम्य शक्यता म्हणजे खांद्याची संवेदनाच कमी झालीय आणि तो कुठे आहे याचा अंदाज चुकतो. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं: खांदा चौकटीला लागतो. रस्त्यावर मात्र तिन्हींचा अर्थ वेगवेगळा. उजवीकडून येणारी सायकल दिसत नसेल तर जगातलं कुठलंही पेडल ती दाखवू शकत नाही. म्हणून मेकॅनिकला पैसे देण्याआधी पेरिमेट्री करून घ्या, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

आता तपासणीत काय होतं ते. पहिला भाग टेबलापाशी. मान किती वळते, पकड किती, पायाची ताकद आणि ताठरपणा. डोळे मिटायला सांगून तुमचं पायाचं बोट वर किंवा खाली करतात आणि कुठे आहे ते विचारतात. बूट घसरल्याचं तुम्हाला कळलं नाही, त्याचं उत्तर इथे मिळेल. ब्रेक दाबल्यावर पाय थडथडतो, त्याला क्लोनस म्हणतात. ही दोन्ही लक्षणं धरली तर उजव्या पायावर पेडल सोपवणं मला धोक्याचं वाटतं.

मग लक्ष आणि विचारांचा वेग. कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरं असतात. 1 वरून पहिल्या अक्षराकडे, तिथून 2 कडे, मग दुसऱ्या अक्षराकडे, अशी रेघ ओढत जायचं. ही ट्रेल मेकिंग चाचणी. पोरखेळ वाटतो, पण चौकात सिग्नल, आरसा आणि रस्ता ओलांडणारा माणूस यांच्यात लक्ष असंच मागे-पुढे न्यावं लागतं. 3 मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आम्ही अधिक खोलात जातो. तेवढ्यावरून कुणाला नापास करत नाही. एक महत्त्वाचं: शब्द अडतो हे त्यांना सुरुवातीलाच सांगा. बोलून उत्तर द्यायच्या चाचण्यांत गुण भाषेमुळे कमी पडू शकतात आणि त्यातून तुमची समज कमी आहे असा चुकीचा अर्थ निघतो. रेघा ओढायच्या, चित्रं जुळवायच्या चाचण्या मागून घ्या. रेघ डाव्या हाताने ओढावी लागणार असेल तर तेही सांगा, त्याने वेळ वाढतो.

ब्रेकला लागणारा वेळ का मोजतात, याचा हिशोब नवऱ्याला दाखवा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला की गाडी 8 मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. चांगल्या दोन गाड्यांची लांबी झाली ही.

दुसरा भाग प्रत्यक्ष रस्त्यावर. दुहेरी ब्रेकची गाडी, म्हणजे प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली, शेजारी प्रशिक्षक आणि मागच्या सीटवर थेरपिस्ट. सुरुवात रिकाम्या गल्लीत, मग चौक, लेन बदलणं, गर्दीचा रस्ता. मध्येच सूचना देणं थांबवतात आणि "आता मघाच्या पेट्रोल पंपापाशी परत न्या" असं म्हणतात. रस्ता स्वतः ठरवताना गाडीवरचं लक्ष सुटतं का, ते बघायचं असतं. चूक झाली म्हणून कुणी धास्तावू नये. मी जास्त करून हे टिपते की चूक झाल्याचं चालवणाऱ्याच्या लक्षात आलं का आणि पुढच्या वेळी ती सुधारली का.

निकाल पास-नापास एवढाच नसतो. चालवा. अमुक बदल करून चालवा. फक्त दिवसा किंवा ओळखीच्या रस्त्यांवर चालवा. प्रशिक्षण घ्या आणि पुन्हा या. आता नको, काही महिन्यांनी बघू. किंवा थांबा. मेंदूची सुधारणा चालू असेल तर "आता नको" हे पुष्कळदा बदलतं.

सांजवेळ:

वडिलांच्या वेळी निकाल "थांबा" असा आला होता. त्यांना फार लागलं. पण त्याआधी आम्ही भावंडं रोज त्यांच्याशी वाद घालत होतो आणि ते आम्हाला शत्रू समजायला लागले होते. तपासणीनंतर थेरपिस्टने त्यांच्यासमोर बसून कागद उलगडला, कुठल्या चौकात काय दिसलं नाही ते सांगितलं. मुलांनी चावी हिसकावली असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. त्याच थेरपिस्टने त्यांना बसने एकट्याने जायचा सरावही करून दिला. पाऊलवाट ताई, तुमचं तसं होऊ नये हीच इच्छा. पण नाही म्हटलं तर काय करायचं याचा विचार घरात आधीच करून ठेवा.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. शांतनदी ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. पेरिमेट्रीची वेळ घेतलीय आणि मेकॅनिकला थांबायला सांगितलंय. बाजूचं दिसण्याबद्दल आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

समजा नजर ठीक निघाली. गाडी आम्हा दोघांत एकच आहे आणि नवरा नेहमीसारखा उजव्या पायाने चालवणार. मग कसं? आणि इंडिकेटरची दांडी उजव्या हाताकडे आहे, ती मी कशी वापरू?

वाटसरू:

गाडी ऑटोमॅटिकच, म्हणजे क्लच नसलेली लागेल, हे पहिलं. डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरमध्ये दुमडणारा प्रकार मिळतो. डावं पेडल खाली केलं की उजवं वर दुमडतं आणि उलट. दुसऱ्या प्रकारात डावं पेडल काढता येतं आणि उजव्या पेडलवर झाकण बसतं, म्हणजे तुमचा उजवा पाय चुकून त्यावर पडला तरी गाडी उसळणार नाही. दोघांची गाडी असेल तर चावी फिरवण्याआधी खाली बघायची सवय दोघांनीही लावून घ्यायला हवी. नवऱ्याने डावं पेडल पाय टेकवायची जागा समजून दाबलं तर अनर्थ होईल.

एका हाताने स्टीअरिंग फिरवायला गोल मूठ मिळते, तिला स्पिनर नॉब म्हणतात. डाव्या हातासाठी ती साधारण घड्याळातल्या 9 ते 10 च्या जागी लावतात. मुठीवरच इंडिकेटर, हॉर्न, वायपरची बटणं असलेला प्रकारही आहे. नाहीतर इंडिकेटरच्या दांडीला जोड लावून ती डावीकडे आणता येते. छाती आणि स्टीअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटीमीटर अंतर राहू द्या, एअरबॅग फुटते तेव्हा तेवढी जागा लागते. गुडघ्यापाशी एअरबॅग असेल तर तिच्या आड काही बसवू देऊ नका. हे काम अशा बदलांचा सराव असलेल्याकडूनच करून घ्या. झटका आल्याची आणि बदल केल्याची माहिती परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी द्या. ती लपवली तर अपघातानंतर विमा नाकारला जाऊ शकतो.

पाऊलवाट:

एक शेवटचं. डावा पाय तर माझा चांगला आहे. मग प्रशिक्षण कशासाठी लागतं? आणि उजवा पाय ठेवायचा कुठे?

शांतनदी:

डावा पाय चांगला आहे, पण त्याला सवय क्लचची आहे. क्लच पूर्ण दाबायचा असतो, म्हणून तो पाय जोर लावून खाली जातो. त्याच जोराने ब्रेक दाबला की गाडी धक्क्याने जागच्या जागी थांबते. शिवाय दिशा उलटी होते. आजवर ॲक्सिलरेटरवरून ब्रेककडे जाताना पाय डावीकडे न्यायचात, आता तो उजवीकडे न्यायचा. शांतपणे चालवताना हे लवकर जमतं. अचानक कुणी आडवं आलं की पाय जुन्या सवयीने हलतो, आणि या उपकरणाचा खरा धोका तोच. म्हणून आधी बंद गाडीत, मग दुहेरी ब्रेकच्या गाडीत मोकळ्या जागेवर, आणि प्रशिक्षकाने पूर्वसूचना न देता अचानक "थांबा" म्हटल्यावर पाय दर वेळी बरोबर जागी जायला लागला की मगच रहदारीत.

उजवा पाय स्प्लिंटसकट, टाच जमिनीला टेकवून, पेडलांपासून दूर ठेवायचा. तो उडत असेल तर खाली न घसरणारी पट्टी लावतात. बांधून मात्र ठेवू नका, गाडीतून पटकन बाहेर पडायची वेळ येऊ शकते. तपासणीला जाताना रोजचाच बूट आणि स्प्लिंट घाला, चष्मा, परवाना आणि गोळ्यांची यादी न्या. वेळ सकाळची मागा, कारण थकल्यावर तुमचा पाय आणि शब्द दोन्ही जास्त अडतील. पेरिमेट्रीचा कागद हातात आला की त्यात काय लिहिलंय ते इथे टाका, पुढचं बोलू.