व्हीएफडीचा कूलिंग फॅन बदलायचा आहे: व्होल्ट, अँपिअर आणि तिसरी वायर

धागा_इचलकरंजी:
५.५ किलोवॅटच्या थ्री-फेज व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) हीटसिंकवरचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा, फॅन जाम झाला आहे. लेबलवर डीसी २४ व्ही, ०.१५ ए. माप ६०×६०×२५ मिमी. लाल, काळी आणि पिवळी अशा तीन वायर आहेत. तोच मॉडेल मिळत नाही. दुकानात त्याच मापाचे तीन आहेत:
२४ व्ही ०.०८ ए, दोन वायर
२४ व्ही ०.३० ए, तीन वायर
१२ व्ही ०.२५ ए, दोन वायर
०.३० वाल्यात जास्त करंट जाऊन तो जळेल का? १२ चा फॅन रेझिस्टर लावून चालेल असं दुकानदार म्हणतो. पिवळी वायर मोकळी सोडली तर काय होईल? पॅनेलच्या दारावरचा ४ इंची फॅनही आवाज करतोय, तोही बदलायचा आहे.

पॅनेल_वायरिंग:
आधी करंटचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. व्होल्ट सप्लाय देतो, अँपिअर फॅन स्वतः ओढतो. त्यामुळे ०.३० चा फॅन 'जास्त करंट जाऊन' जळणार नाही. धोका समोरच्या बाजूला आहे. ड्राइव्हच्या बोर्डवर फॅन चालू-बंद करणारा छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि तो मूळ ०.१५ च्या हिशोबाने बसवलेला असतो. त्यात सुरू होताना डीसी फॅन क्षणभर लेबलच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढू शकतो. ०.३० लावलात तर फॅन टिकेल, पण बोर्ड जाण्याची शक्यता वाढेल.

०.०८ वाला सप्लायला काहीच जड नाही, पण तो जेमतेम २ वॅटचा आहे, मूळ फॅन ३.६ वॅटचा. माप तेच आणि वॅट निम्मे म्हणजे बहुधा आरपीएम (मिनिटाचे फेरे) कमी, म्हणजे हवा कमी. हवा आरपीएमच्या प्रमाणात घटते, पण दाब आरपीएमच्या वर्गाने घटतो. हीटसिंकच्या अरुंद फटींतून हवा ढकलायला दाबच लागतो. हा फॅन फिरताना दिसेल आणि तरी ड्राइव्ह दुपारी ओव्हरहीटवर ट्रिप होईल.

१२ व्होल्टचा अजिबात नको. थेट २४ वर तो जळेल. रेझिस्टरचं गणित कागदावर सोपं दिसतं: १२ व्होल्ट पाडायचे, ०.२५ अँपिअर, म्हणजे ४८ ओहम आणि ३ वॅट उष्णता, तीही जिथे थंड करायचंय त्याच जागी. शिवाय सुरू होताना फॅन जास्त करंट मागतो, त्यामुळे रेझिस्टरवर जास्त व्होल्ट पडतात आणि फॅन नुसता थरथरत राहतो. पातं अडकलं की फॅनचं सर्किट करंट तोडतं. करंट नाही तर रेझिस्टरवर ड्रॉपही नाही, मग पूर्ण २४ व्होल्ट फॅनच्या आतल्या आयसीवर (कंट्रोल चिपवर) येतात. दोन १२ चे फॅन सिरीजमध्ये जोडणंही टाळा, त्यांच्यात व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत.

तेव्हा तिन्ही सोडा. २४ व्ही, ०.१२ ते ०.१८ ए, २५ मिमी जाडी आणि जुन्याइतकी किंवा थोडी जास्त हवा देणारा शोधा. हवेचा आकडा कुठे सीएफएममध्ये (घनफूट प्रति मिनिट) असतो, कुठे घनमीटर प्रति तासात. १ सीएफएम म्हणजे १.७ घनमीटर प्रति तास. बॉल बेअरिंगचाच घ्या, उष्णतेत स्लीव्ह बेअरिंगचं तेल लवकर सुकतं.

सर्किट_दुरुस्ती:
पिवळी वायर मोकळी सोडली तर बऱ्याच ड्राइव्ह फॅन फॉल्ट दाखवतात, काही सुरूच होत नाहीत. ही वायर दोन प्रकारची असते. टॅको (वेग सांगणाऱ्या) प्रकारात फॅन दर फेऱ्याला बहुधा दोन पल्स देतो. लॉक अलार्म प्रकारात फिरताना एक स्थिर पातळी असते आणि पातं थांबलं की ती बदलते. ड्राइव्हला यातला एकच समजतो. रंगावरून काही कळत नाही, मॉडेल नंबरच्या शेपटीवरून कळतं. उदाहरणार्थ डेल्टाच्या फॅनमध्ये एफ०० म्हणजे टॅको आणि आर०० म्हणजे लॉक अलार्म.

धागा_इचलकरंजी:
जुन्याचा नंबर तेलकट होऊन पुसला गेलाय. हाताने ढकलला की थोडा वेळ फिरतो. मोजून कळेल का?

सर्किट_दुरुस्ती:
कळेल. फॅन बोर्डवरून काढून टेबलावर वेगळ्या २४ व्होल्ट सप्लायवर चालवा. पिवळी वायर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडा. हा ५ व्होल्ट मोबाइल चार्जरचा चालेल, मात्र दोन्ही सप्लायचे मायनस एकत्र हवेत. पिवळी ते मायनस मीटर लावा. फिरताना २.५ च्या आसपास दिसलं आणि हर्ट्झ रेंजवर आकडा आला तर टॅको. ४८०० आरपीएमला १६० हर्ट्झ येतील. फिरताना ० च्या जवळ आणि बोटाने हब धरल्यावर ५ (काहींत उलट) तर लॉक अलार्म.

अलार्मची वायर मायनसला शॉर्ट करून फॉल्ट घालवण्याचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. तो मानू नका. पुढचा फॅन बंद पडेल तेव्हा ड्राइव्हला कळणारच नाही आणि आयजीबीटी (मोटरला करंट देणारे ड्राइव्हमधले मुख्य स्विच) तापत राहील.

नव्या फॅनचं कनेक्टर जुन्या सॉकेटात बसलं तरी पिनांचा क्रम तोच असेलच असं नाही. खात्री नसेल तर जुनं कनेक्टर वायरसकट कापून नव्या फॅनला सोल्डर करा आणि प्रत्येक वायरवर स्वतंत्र हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. प्लस-मायनस उलटं झालं तर काही फॅन वाचतात, काही नाही.

पॅनेल_वायरिंग:
उघडण्यापूर्वी मेन बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, साधारण ५ ते १० मिनिटं. मग डीसी बसच्या (आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या डीसी लाइनच्या) प्लस-मायनस टर्मिनलवर १००० व्होल्ट डीसी रेंजचा मीटर लावून खात्री करा. ४१५ व्होल्टच्या लाइनवर तिथे सुमारे ५८५ व्होल्ट डीसी असतात. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नव्हे.

आणखी एक. बऱ्याच ड्राइव्ह मोटर चालू असताना किंवा हीटसिंक तापल्यावरच फॅनला २४ देतात. त्यामुळे स्टँडबायमध्ये फॅन स्थिर दिसला म्हणून नवा फॅन खराब समजू नका.

दारावरचा ४ इंची बहुधा १२०×१२०×३८ चा एसी फॅन असेल. लेबलवर २२०/२४० व्ही, ५०/६० हर्ट्झ बघूनच घ्या. ११० व्होल्टचा दिसायला तंतोतंत तसाच असतो आणि २३० वर जळतो. धातूच्या फ्रेमला अर्थ द्या. त्याऐवजी २४ व्होल्टचा डीसी फॅन घेऊन तो ड्राइव्हच्या २४ व्होल्ट टर्मिनलवर चालवायच्या भानगडीत पडू नका, छोट्या ड्राइव्हमध्ये ते टर्मिनल १००-२०० मिलिअँपिअरचंच असतं, सेन्सर-स्विचसाठी.

हवा पुरेल का याचा हिशोब: घनमीटर प्रति तास = ३.१ × वॅट ÷ तापमानातला फरक. ५.५ किलोवॅटच्या ड्राइव्हची उष्णता ३ टक्के धरली तर १६५ वॅट. बाहेर ४० अंश आणि पॅनेलमध्ये ५० पर्यंत चालत असेल तर साधारण ५१ घनमीटर प्रति तास. ४ इंची फॅन मोकळ्या हवेत १५० च्या आसपास देतो, फिल्टर लावल्यावर निम्मा धरा, तरी पुरतो. मात्र इचलकरंजीत सुताची रुई उडत असेल तर फिल्टर आठवड्यातून एकदा तरी झटका आणि फॅन आत हवा ढकलणारा ठेवा. बाहेर खेचणारा लावला की केबलच्या भोकांतून, दाराच्या फटींतून रुई गाळल्याशिवाय आत शिरते आणि थेट हीटसिंकच्या फटींत बसते. तुमचा ड्राइव्हचा फॅनही त्यानेच जाम झाला असेल तर नवा बसवण्याआधी फटी कोरड्या हवेने साफ करा. हवा मारताना पातं धरून ठेवा, नाहीतर ते वाजवीपेक्षा जोरात फिरून बेअरिंग जातं.