गाण्यातच दिग्दर्शन शिकतात

‘डान्स मास्टरांना गाणीच जमतात, सिनेमा नाही’ हे मत मला अजिबात पटलं नाही. डान्स मास्टर म्हणून सुरुवात करून पुढे दिग्दर्शक झालेल्या फराह खानचंच घ्या. १९९२ च्या ‘जो जीता वही सिकंदर’मधलं ‘पहला नशा’ हे गाणं स्लो मोशनमध्ये घेताना तिने सेटवर गाणं वेगाने वाजवलं, कलाकारांनी त्याच वेगात ओठ हलवले, म्हणून पडद्यावर शब्द अचूक जुळतात. हा नुसता नाच बसवणं नव्हे! पुढे तिनेच दिग्दर्शित केलेल्या २००४ च्या ‘मैं हूँ ना’मध्ये ‘चले जैसे हवाएँ’ हे गाणं पाहा. कॅमेरा कॉलेजभर न तुटता फिरतो आणि नाचता नाचता संजना, लकी ही पात्रं कोण, कशी, ते कळतं. तिचा ‘तीस मार खाँ’ मलाही नाही आवडला, पण तिथे पटकथाच कच्ची होती.