आउटसोर्स केलं म्हणजे ‘सोपवलं’ की ‘करून घेतलं’?

कानामात्रा: एका कंपनीच्या धोरणाचा अनुवाद करतेय आणि एकाच वाक्यात दोन दिवस अडकलेय. बिलांच्या नोंदी, पगारपत्रक, बँकेचा ताळमेळ हे सगळं त्यांनी बाहेरच्या संस्थेला आउटसोर्स केलंय. मी लिहिलं, ‘लेखाकाम बाहेरील संस्थेकडे सोपवले आहे’. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘लेखाकार्याचे बाह्यस्रोतीकरण केले आहे’ असं केलं. मला तो शब्द घासातल्या खड्यासारखा लागतो. तुम्ही काय लिहाल?

नदीकाठ: निदान त्यांनी ‘स्रोत’ नीट लिहिलंय, नाहीतर निम्मे कागद ‘स्त्रोत’ लिहितात. मूळ धातू स्रु, म्हणजे वाहणे, स्राव त्यातलाच, मधे त कुठून आला? आणि स्रोत म्हणजे प्रवाह. काम बाहेरच्याकडून करून घेण्यात वाहतंय काय?

रोजमेळ: मी बावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. आम्ही आउटसोर्सच म्हणतो, पण तुमच्या ‘सोपवले’ला माझा सक्त विरोध आहे. का ते सांगतो. आमच्या एका जुन्या कंपनीत देणी बघायचं काम बाहेर दिलेलं होतं. एका पुरवठादाराच्या नावाने मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, बाहेरच्या टीमने मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या कायमच्या नोंदीत, नवीन खातं टाकलं, आमच्याकडच्या साहेबांनी पेमेंटच्या यादीवर नुसती नजर फिरवून मंजुरी दिली, आणि पैसे भलत्याच्या खात्यात गेले. पुरवठादाराला जुन्या नंबरवर एक फोन कुणीच केला नाही, कारण जो तो म्हणाला ‘ते काम तर सोपवलंय’. सोपवलं की मराठी माणूस मनातून मोकळा होतो. मूल आजीकडे सोपवलं म्हणतो तेव्हा काळजीही तिच्याकडे जाते. हिशोबाचं तसं नसतं. ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकांत क्रमांक ४०२ चं मानक याच विषयावर आहे, काम बाहेर असलं तरी तिथले कंट्रोल, म्हणजे चुका आणि गैरप्रकार रोखायच्या तपासण्या, कसे आहेत हे कंपनीच्या ऑडिटरला समजून घ्यावंच लागतं. म्हणून ‘बाहेरील संस्थेकडून करून घेते’ लिहा, त्यात कर्ता कंपनीच राहते.

तत्सम: रोजमेळ यांचा मुद्दा पटला, पण ‘करून घेणे’ हे क्रियापद झालं. करारात मथळा लागतो, व्याख्या लागते, तिथे नामच हवं. नवा शब्द सुरुवातीला जड लागणारच. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा हिशोब बघणाऱ्या मुजुमदाराचा अमात्य झाला, तोही कुणाला तरी जड लागलाच असेल.

नदीकाठ: ‘करवून घेतला’! बघा, कोश लिहिला पंडितांनी आणि कर्ते महाराज. रोजमेळ म्हणतात तेच तुम्ही नकळत सिद्ध केलंत. आणि अमात्य झाला तरी हिशोब अरबीच राहिला, जमाही, खर्चही. ज्याला रोज कीर्द, म्हणजे जमाखर्चाची रोजची वही, लिहायची त्याने शब्द बदलले नाहीत.

पाटीपेन्सिल: ‘उक्तं’ का नको? उक्तं दिलं म्हणजे अख्ख्या कामाचा एक दर ठरवून दिलं. किंवा मक्ता?

रोजमेळ: उक्तं चालणार नाही. इथे दर बिलामागे नाहीतर माणसामागे असतो, महिनोन्महिने चालतो. मक्ता म्हटलं की मक्तेदारी आठवते.

कानामात्रा: ‘करून घेते’ घेतलं. पण पुढच्याच वाक्यात ‘अकाउंटेबिलिटी कंपनीचीच राहील’ आहे. जबाबदारी की उत्तरदायित्व?

तत्सम: उत्तरदायित्व. जबाबदारी म्हणजे रिस्पॉन्सिबिलिटी.

नदीकाठ: अहो पण जबाब म्हणजेच उत्तर! जो जबाब देतो तो जबाबदार. तोच अर्थ संस्कृतात घातला की वेगळा कसा होतो?

तत्सम: वापराने होतो. नोंद करणाऱ्या क्लार्कचीही जबाबदारी असते, उत्तर द्यायला मात्र संचालक मंडळ उभं राहतं. कायद्याच्या भाषेत हा फरक दाखवावाच लागतो.

पाटीपेन्सिल: ताळमेळवरून आठवलं, ताळेबंदातला ‘ताळा’ आणि आपण गणिताचा ताळा करून बघायचो तो, एकच ना? माझं ठाम मत आहे की एकच. वडील खतावणी, म्हणजे खातेवार हिशोबाची वही, लिहायचे. बेरीज जुळली नाही की आधी फरकाला ९ ने भागून बघायचे. ५४ चा फरक आला, भाग गेला, की म्हणायचे कुठेतरी आकडे उलटे पडलेत, शोध. आणि खरंच ८२ च्या जागी २८ सापडायचे.

रोजमेळ: आजही करतो आम्ही ते. बाहेरच्या टीमकडून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, आली आणि फरक दिसला की पहिला भाग ९ नेच. नव्या मुलांना मात्र ‘तेरीज’ म्हटलेलं कळत नाही, ट्रायल बॅलन्स म्हणावं लागतं.

नदीकाठ: तेरीजही अरबीच बरं का, तत्सम.

तत्सम: असू दे. तिच्यासाठी नवा शब्द मी मागितलेला नाही. आउटसोर्सिंगला नाम मात्र अजून कुणी सुचवलेलं नाही.