शब्दचर्चा : ‘फॅन्डम’ला मराठीत काय म्हणायचं?

गेल्या महिन्यात भाची आमच्याकडे कॉलेज रोडला राहायला आली होती. तिच्या लाडक्या कोरियन गटाचं नवं गाणं सकाळी साडेनऊला येणार होतं. बाईसाहेब नऊपासूनच इअरफोन लावून तयार, समोर पोहे गार झालेले. गाणं आलं, एकदा ऐकून झालं, मग मध्ये दुसऱ्याच कुणाची दोन गाणी लावली, मग पुन्हा पहिलं. मी विचारलं, हे असं का? तर एकच गाणं सारखं लावलं की ते किती वेळा ऐकलं गेलं त्या आकड्यात धरत नाहीत, असं त्यांच्या ग्रुपवर ठरलेलं आहे म्हणे. मणिपूरपासून ब्राझीलपर्यंतच्या मुली त्या वेळी हेच करत होत्या. आमचे बाबा पेपर बाजूला ठेवून सगळं बघत होते. म्हणाले, “ही रसिक आहे की कार्यकर्ती?”

तेव्हापासून ‘फॅन्डम’ हा शब्द डोक्यात आहे. वर्तमानपत्रं ‘फॅन्डम’साठी ‘चाहतावर्ग’ लिहितात. मला तो तोकडा वाटतो. चाहतावर्ग नेहमी कुणाचा तरी असतो, नटाचा, गायिकेचा, खेळाडूचा. त्या चाहत्यांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते या शब्दात येतच नाही. फॅन्डमचा तर सगळा जीव त्याच नात्यात आहे. तुम्ही काय म्हणाल? (आलेली उत्तरं खाली, लिहिणाऱ्यांच्या टोपणनावांसह.)

गोदाकाठ : आधी ‘रसिक’ आणि ‘फॅन’ वेगळे करू. फॅन हा ‘फॅनॅटिक’चा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देऊळ. अमेरिकेत बेसबॉल बघणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे नाव पडलं. आता आपल्याकडे रसिक काय करतो? दाद देतो. ‘दाद’ हा फारसी शब्द, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. शब्द एकच. दाद द्यायची तर ऐकणाऱ्याला त्यातलं कळायला हवं, आणि फसलेल्या तानेला गप्प बसायचा हक्कही त्याला हवा. फॅनकडून ही अपेक्षाच नसते, तो देवळात उभा असतो.

मी : हे फार नेमकं सांगितलंत. कालिदास नाट्यगृहात नाटक बघताना बाबा चांगल्या जागेला टाळी वाजवत नाहीत, फक्त मान हलते. मध्यंतरात बटाटेवडा खाताना शेजारच्या अनोळखी माणसाशी पाच मिनिटं त्या एका जागेबद्दल बोलतात आणि घंटा झाली की दोघं आपापल्या खुर्चीत. त्या माणसाचं नावही विचारत नाहीत. नाटकाचा, गाण्याचा रसिक असा सुटा सुटा असतो. ‘दर्दी’ आणि ‘कानसेन’ हेही एकेकट्याचेच शब्द.

ओझरहून : आमच्या एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या, वसाहतीत कानडी, तमिळ शेजारी खूप, त्यामुळे एक भर घालते. तमिळमध्ये सिनेमाच्या फॅनला ‘रसिगर’ म्हणतात आणि फॅन क्लबला ‘रसिगर मन्रम’. म्हणजे आपलाच रसिक! पण तिथला रसिगर नटाच्या कटआउटला दुधाचा अभिषेक करतो. कानडीत फॅन म्हणजे ‘अभिमानी’, आणि डॉ. राजकुमार आपल्या प्रेक्षकांना ‘अभिमानी देवरुगळु’ म्हणजे चाहते-देव म्हणत. आपल्या रंगभूमीवरचे ‘मायबाप प्रेक्षक’ त्याच भावनेचे. मराठीत मात्र अभिमानी म्हटलं की मानी माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द आपल्याला चालणार नाही.

गोदाकाठ : मग संस्कृत शब्द तोच असूनही माध्यम बदलल्यावर माणूस बदलला, असंच झालं ना हे?

मी : हो, मलाही तेच दिसतंय. बघा ना, क्रिकेटचा ‘प्रेमी’ किंवा ‘वेडा’, पुस्तकाचा ‘वाचक’, गाण्याचा ‘दर्दी’. हे पर्यायी शब्द नाहीत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ‘क्रिकेटचा दर्दी’ अजून चालेल, पण ‘कादंबरीचा वेडा’ म्हटलं की वाक्य अडखळतं. अॅनिमेवाल्यांचा, म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या चाहत्यांचा, ‘ओताकू’ तर आणखी वेगळा. जपानीत त्याचा मूळ अर्थ ‘आपलं घर’, आणि त्यावरून आदराने ‘आपण’. मित्रामित्रांतही इतकं औपचारिक बोलणाऱ्या या मंडळींना १९८३मध्ये एका लेखकाने हेच नाव चिकटवलं, तेही हिणवण्यासाठी. पुढे त्यांनीच ते आपलंसं केलं. कोरियन गाण्यांत उलट रीत आहे, तिथे चाहत्यांना नाव देण्याची पद्धतच आहे. बीटीएस या कोरियन गटाच्या चाहत्यांना २०१३पासून ‘आर्मी’ म्हणतात. नाव मिळालं की गणवेश मिळाल्यासारखं होतं, मग कामं वाटली जातात. बाबांना कार्यकर्ती दिसली ती उगाच नाही.

पंचवटी : मग ‘मंडळ’ म्हणा की. आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, वर्गणीपासून मिरवणुकीपर्यंत सगळी वाटणी ठरलेली असते.

मी : मंडळाला अध्यक्ष लागतो, फलक लागतो, हद्द लागते. भाचीच्या ग्रुपला यातलं काहीच नाही. मी ‘गोतावळा’ सुचवते. गोत म्हणजे कुळ, नातलग, आणि गोतावळ्यात कोण कुणाचं नक्की कोण लागतं ते सांगता येत नाही, तरी कार्याला सगळे हजर. रुसवेफुगवे त्यात आलेच. वापरून बघा : ‘या गटाचा गोतावळा जगभर पसरलाय’, ‘ती त्या गोतावळ्यातली’. ‘चाहत्यांचा गोतावळा’ म्हटलं तर पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतं. नाटकाला आणि शास्त्रीय गाण्याला मात्र मी तो लावणार नाही, तिथे ‘रसिक’च राहू दे.

ओझरहून : गोतावळा आवडला. पण मालिकांचं काय? रोज रात्री न चुकता बघणारी, नायिकेवर अन्याय झाला की कळवळणारी, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना शेजारणीशी त्यावर तासभर बोलणारी बाई. तिला ‘प्रेक्षक’ म्हणणं मला फार कोरडं वाटतं. आणि ‘फॅन’ तर ती स्वतःला कधीच म्हणवून घेत नाही.

मी : खरंय. ती ‘बघते’ एवढंच म्हणते. “तुम्ही ती बघता का?” या एका प्रश्नावर तिची ओळख होते. आमच्या सोसायटीतल्या बायका मालिका बघणाऱ्यांबद्दल आपसांत काय शब्द वापरतात, ते आज संध्याकाळी कट्ट्यावर नीट ऐकते आणि इथेच लिहिते.