नंदूकाका विरुद्ध अस्वलं

आमच्या फॅमिली ग्रुपवरचा गेल्या शनिवारचा राडा. कॉपी करून ठेवतेय कारण नंदूकाका भांडून झालं की रात्री स्वतःचे मेसेज डिलीट करतो आणि सकाळी म्हणतो मी कुठे काय बोललो. मी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टाम्पाला, काका-काकी डोंबिवलीला, त्यांचा ओंकार टोकियोला, सुधाआत्या, आजी आणि प्रथमेश पुण्यात. सुरुवात मीच केली, माझ्या लेकीला, ईराला घेऊन तिथल्याच ऑर्लँडोला गेले होते त्याचा व्हिडिओ टाकून.

मी: काका बघ कोण भेटलं!! तुझी अस्वलं 😄 ईराने दोनदा बघायला लावला शो

प्रथमेश: हे काय आहे, एआय आहे का?

मी: नाही रे बाबा, खरीखुरी मशीनची अस्वलं आहेत, डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधली, कंट्री बेअर्स. स्टेजवर येतात, गिटार बँजो वाजवतात, गातात, पडदा पडतो की पुढचं अस्वल

सुधाआत्या: थोडक्यात हलता देखावा. फक्त गणपती नाही

नंदूकाका: सायली हा शो तो नाही

मी: अरे तोच आहे, तोच हॉल, ग्रिझली हॉल

नंदूकाका: हॉल तो असेल. गाणी ती नाहीत. मी १९९६ मध्ये बघितलाय, कंपनीने सहा महिने पाठवलं होतं तेव्हा, मंगल आणि ओंकार पण होते. तो जाडा अस्वल शेवटी येऊन बेसूर गिटारवर रडकं गाणं म्हणायचा ते कुठे गेलं? इथे तो भलतंच काहीतरी गातोय

ओंकार: पप्पा, बिग अल. आणि आता तो 'रिमेंबर मी' म्हणतो, 'कोको' पिक्चरमधलं. जुनं गाणं रक्ताने माखलेल्या खोगिराचं होतं, काउबॉय घोड्यावरून पडतो ते. आवाज टेक्स रिटरचा होता, कंट्रीचा म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांचा मोठा गायक

प्रथमेश: लहान मुलांच्या शोमध्ये रक्त 💀

नंदूकाका: तेच तर!! आता मिळमिळीत केलंय सगळं. उद्या म्हणतील तमाशात ढोलकी नको

सुधाआत्या: नंदू बीपीची गोळी घेतलीस का

मंगलकाकी: घेतली. मी दिली.

ओंकार: मी सांगतो नीट. ऑर्लँडोचं मॅजिक किंगडम उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला आणि हा शो पहिल्या दिवसापासूनचा. जानेवारी २०२४ मध्ये बंद केला आणि १७ जुलै २०२४ ला नवीन गाण्यांसकट परत सुरू केला. अस्वलं तीच पण आता ती डिस्नेच्या पिक्चरमधली गाणी कंट्री स्टाइलमध्ये गातात. बदलणार हे सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं, तेव्हापासून तिकडचे फॅन लोक भांडतायत, पप्पा तुम्ही दोन वर्षं लेट आहात

नंदूकाका: मला कोणी सांगितलं नाही

मी: काका तुला कोण आणि का सांगणार 😂

नंदूकाका: आणि तो ओठ पुढे काढून गाणारा, त्याचं नाव काय ते

ओंकार: लिव्हर लिप्स मॅग्रॉल. नाव बदललं त्याचं, आता रोमिओ मॅग्रॉल

सुधाआत्या: लग्न झालं की काय त्याचं

आता इथे खरं तर विषय संपला असता, पण ओंकारला हा विषय दिला की त्याला बंद करायचं बटण नाही. टोकियोत निशी-कासाईला राहतो, तिथे आपली माणसं भरपूर आणि डिस्नेलँड जवळ, वार्षिक पास होता तेव्हा ऑफिस सुटल्यावर एकटा जाऊन अस्वलं बघून यायचा, बायको त्याला म्हणायची भजनाला जातोस का.

ओंकार: मूळ गंमत अशी की हा शो पार्कसाठी केलेलाच नव्हता. वॉल्ट डिस्नेला कॅलिफोर्नियात मिनरल किंग म्हणून डोंगरात स्की रिसॉर्ट काढायचं होतं, तिथे रात्री थंडीतून आलेल्या लोकांची करमणूक म्हणून अस्वलांचा बँड. मार्क डेव्हिस नावाच्या आर्टिस्टने चित्रं काढली, वॉल्ट बघून खूप हसला आणि डेव्हिस सांगायचा की ती त्यांची शेवटची भेट, डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट गेलाच. पर्यावरणवाल्यांनी कोर्टात खेचलं, रिसॉर्ट झालंच नाही, ती जागा १९७८ मध्ये सेक्वोया नॅशनल पार्कात गेली. अस्वलं तेवढी वाचली

सुधाआत्या: म्हणजे खरी अस्वलं पण वाचली आणि खोटी पण

मी: हे भारी होतं आत्या

ओंकार: आणि फ्लोरिडात एवढा चालला की लगेच १९७२ ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये अस्वलांसाठी पार्कचा अख्खा कोपरा काढला, बेअर कंट्री. तिथला २००१ ला बंद करून टाकला, त्या जागी विनी द पूची राइड आली. भिंतीवरची ती तीन बोलकी मुंडकी आठवतायत ना पप्पा, गवा, हरिण, मूस? ती त्या राइडच्या आत लपवून ठेवलीयत, पुढे गेल्यावर मान मागे वळवली तरच दिसतात

नंदूकाका: बिचारी

मंगलकाकी: मुंडक्यांची मला भीती वाटली होती

मी: मग काका बघ ना, कॅलिफोर्नियात बंदच केला. इथे निदान अस्वलं आहेत. मी २०१९ ला गेले होते तेव्हा जुनाच चालू होता, हॉल अर्धा रिकामा, लोक एसीसाठी येऊन बसलेले, बाहेर रणरणतं ऊन. परवा बाहेर रांग होती. ईराला गाणी पाठ आहेत म्हणून ती उड्या मारत होती, जुन्यातलं एक अक्षर तिला कळलं नसतं. मला पण कळायचं नाही, खरं सांगायचं तर

ओंकार: ते बरोबर आहे पण सायली रांग नव्या गोष्टीला लागतेच. जुना बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या दिवसांत त्यालाही लागली होती

नंदूकाका: मुद्दा तो नाही. ती गाणी दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळायची नाहीत. त्या अस्वलांचा कुठला पिक्चर नव्हता, काही नव्हतं, फक्त तिथे जाऊनच ती भेटायची. आता जे गाणं ईरा घरी टीव्हीवर शंभर वेळा ऐकते तेच ऐकायला दीडशे डॉलर देऊन आत जायचं?

(इथे मी जरा गप्प झाले. काका भांडणात कधी कधी असं एखादं वाक्य बोलून जातो. अस्वलांचा पिक्चर २००२ ला येऊन पडला होता हे ओंकारने मला पर्सनलवर पाठवलं, ग्रुपवर नाही टाकलं, वडिलांची लाज राखली.)

सुधाआत्या: आई बोलतेय मी टाइप करतेय. ती म्हणते, संगीत नाटकं आमच्या लहानपणी पहाटेपर्यंत चालायची, एकेका पदाला तीन तीन वन्स मोअर. आता तीन तासांत उरकतात, निम्मी पदं कापतात. पोरांना बसवत नाही त्याला काय करणार. नाटक चालू राहिलं हे काय कमी आहे

नंदूकाका: आई, पदं कापतात. बदलत नाहीत! उद्या सुभद्रेच्या तोंडी सिनेमातलं गाणं घातलं तर चालेल का तुला?

(दोन मिनिटं आजी-आत्या टायपिंग... टायपिंग...)

सुधाआत्या: आई म्हणते नाही चालणार. आणि म्हणते नंदूला सांग जेवून घे

प्रथमेश: काका १ आजी ० 🔥

ओंकार: कापाकापी पण झालीच होती पप्पा. २०१२ मध्येच जुन्या शोची चार-पाच मिनिटं कापली होती, तेव्हाही लोक चिडले होते. आणि तिथेच शेजारी टिकी रूम आहे, पक्ष्यांचा शो. मूळचा कॅलिफोर्नियातला, १९६३ चा, असली बोलती मशीन पहिल्यांदा त्यातच आली. फ्लोरिडात १९९८ ला बदलला, अल्लादीनमधला तो खवचट पोपट आणि लायन किंगमधला पक्षी घुसवला, म्हणे हेच शोचे नवीन मालक. फॅन लोकांनी इतक्या शिव्या घातल्या. जानेवारी २०११ मध्ये माळ्यावर आग लागली आणि ऑगस्टमध्ये उघडला तेव्हा पोपट गायब, जुना शो परत, थोडा छोटा करून

नंदूकाका: म्हणजे आग लागायला पाहिजे

मंगलकाकी: अहो ग्रुपवर असलं लिहू नका सायलीचा व्हिसा जाईल

मी: 😂😂😂 काकी

ओंकार: पप्पा पण एक ऐका. गाणी नॅशव्हिलच्या कलाकारांना घेऊन रेकॉर्ड केलीत, म्हणजे खऱ्या कंट्रीवाल्यांना. मी नीट ऐकलं, वादन भारी आहे, बँजो तर कमाल. पिक्चरची गाणी हे मलाही पटलं नाही पण काम हलक्यात केलेलं नाही

मी: आणि काका लॉबीत लाकडी फरशीवर नखांचे ओरखडे आहेत ना, अस्वल चालून गेल्यासारखे, ते अजून आहेत. ईरा त्यावर बूट ठेवून ठेवून बघत होती. आणि ती टेडी बारा नावाची अस्वलीण अजून छतातून झोपाळ्यावर बसून खाली येते, सगळं पब्लिक माना वर करून. शेजारचे एक आजोबा जुनी टोपी घालून आलेले, ते पूर्ण वेळ हाताची घडी घालून बसले होते आणि ती खाली आली तेव्हा पटकन हसले, मग परत घडी

नंदूकाका: झोपाळा आहे का. बरं

प्रथमेश: काका सॉफ्ट झाला

नंदूकाका: नाही. झोपाळा ठेवलाय हे चांगलं केलं एवढंच म्हटलं. बाकी माझं मत तेच

ओंकार: मग इकडे या. टोकियोत जुनाच चालू आहे, १९८३ ला पार्क उघडला तेव्हापासून. इथलं पार्क जपानी कंपनीचं, ओरिएंटल लँड, डिस्नेला लायसन्सचे पैसे देतात, त्यामुळे तिकडे बदललं की इथे बदलतंच असं नाही. नाताळात आणि उन्हाळ्यात वेगळी गाणी लावतात पण अस्वलं तशीच. मधलं बोलणं जपानीत आहे तेवढं

नंदूकाका: जपानी कुठे कळतं मला

मंगलकाकी: इंग्लिश तरी कुठे कळलं होतं. १९९६ ला तुम्ही झोपला होतात

नंदूकाका: काय वाट्टेल ते

मंगलकाकी: सकाळी आठपासून चालत होतो. ओंकारला कडेवर घेऊन. आत गार हवा लागली आणि पहिला पडदा पडायच्या आत मान खाली. हँडीकॅम मांडीवर चालूच

ओंकार: आई 😳

नंदूकाका: मी डोळे मिटून ऐकत होतो. संगीत असंच ऐकतात

मंगलकाकी: टेप आहे. दिवाळीत पेनड्राइव्हवर करून आणली ना लग्नाची करताना, त्यातच आहे. थांबा

(यानंतर पंधरा मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही, पण सगळे ऑनलाइन. काकीला व्हिडिओ पाठवता येत नाही, तिने टीव्हीवर लावून मोबाइलने शूट करून पाठवला. पहिली तीसेक सेकंदं पडदा, दिवे, टोपी घातलेलं अस्वल, मग कॅमेरा हळूहळू कलतो आणि काकाच्या बुटाची लेस दिसायला लागते. ती पुढची सगळी मिनिटं दिसते. मागे गाणी चालू आहेत, लोक हसतायत, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक खर्जातला आवाज येतोय, लयीत.)

प्रथमेश: मेलो मी 💀💀💀

सुधाआत्या: आईने तीनदा बघितलं. म्हणते हुबेहूब त्याचे वडील

ओंकार: पण ऑडिओ चांगला आलाय हां, बिग अल पूर्ण आहे, न कापलेला. पप्पा हे जपून ठेवा, खरंच

नंदूकाका: बघा. म्हटलं होतं ना मी रेकॉर्ड केलंय

मी: काका ईराला दाखवलं. ती विचारतेय बाकीची गातायत आणि हे एकच अस्वल का गुरगुरतंय