जीव वाचवल्याशिवाय शेजारी माणूस ठरत नाही का?

कथावेडी:
काल एकाने लिहिलं, शेजाऱ्यांमधल्या पूर्वग्रहावरची कथा शेवटी समेटावरच यायला हवी, नाहीतर वाचक निराश होतो. वाचून डोकंच फिरलं. या कथांचा साचा ठरलेला, दोन घरांची घट्ट मैत्री, मग समोरचा आपल्यातला नाही म्हणून कुजबुज, अबोला, आणि शेवटी ज्याला हिणवलं तोच मध्यरात्री रक्त द्यायला धावतो. म्हणजे साधी माणुसकी मिळवायलाही त्याने आधी उपकार करायचे?

जुना वाचक:
ताई, रक्तदान घासून गुळगुळीत झालंय, मान्य. पण संकटात माणसं बदलतात हे मी स्वतः पाहिलंय. आईला अटॅक आला तेव्हा ज्यांच्याशी आम्ही बोलत नव्हतो त्यांनीच तिला उचलून गाडीत घातलं.

कथावेडी:
आई वाचल्या, आनंद आहे. पण अबोला कशावरून होता ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आणि कथाही नेमकं तेच गाळते.

उंबरठा:
अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची १९८३ची 'रेसिटाटिफ' ही कथा वाचा. दोन मैत्रिणी, एक काळी एक गोरी, पण कोण कुठली ते शेवटपर्यंत सांगत नाही. पुढे मुलांच्या शाळेच्या वादात दोघी फलक घेऊन समोरासमोर उभ्या राहतात. आपण खुणा शोधत बसतो आणि आपलाच पूर्वग्रह उघडा पडतो.

जुना वाचक:
आपल्याकडे जमणार नाही. आडनाव आलं की सगळं कळतं.

उंबरठा:
मग आडनाव देऊ नका ना!

खिडकीतून:
आडनाव न देणं हीसुद्धा पळवाटच. ज्याला ते ऐकून घर नाकारलं त्याने कुठे लपवायचं? माझी शेजारीण वर्षानुवर्षं माझ्याकडे बसायची, तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि 'तिकडचे लोक जुन्या वळणाचे आहेत, तू येऊ नकोस' म्हणाली. भांडण नाही काही नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बसायला आली. यावर कथा लिहा कुणीतरी, रक्त वगैरे नको.

जुना वाचक:
वाईट झालं. पण ती परत आली ना? मी त्यालाच समेट म्हणतोय.

खिडकीतून:
नाही हो, ती काही घडलंच नाही अशा थाटात आली होती. दार मी उघडलं, पण आत या म्हणाले नाही. याला समेट म्हणायचं असेल तर तुमची कथा तुम्हीच लिहा.

जुना वाचक:
ठीक आहे, रक्तदान काढून टाका. समेटावर मी अजून ठाम आहे.

कथावेडी:
आधी अबोल्याचं कारण लिहा, मग समेटाचं बोलू.