गोव्यात राहणाऱ्याने पहिला कॅमेरा कुठला घ्यावा, मिररलेस की पाण्यातला कॉम्पॅक्ट?

पागोळी

दोन वर्षं बाजूला टाकत टाकत दीड लाख जमवलेत आणि माझं मत आता पक्कं झालंय, ते मांडतो, पटत नसेल तर भांडा. गोव्यात राहणाऱ्या हौशी माणसाने पहिला कॅमेरा म्हणून महागडा मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ नये. पाण्यात चालणारा, पडला तरी न फुटणारा छोटा कॉम्पॅक्ट घ्यावा, म्हणजे ओएम सिस्टमचा टीजी-७, जो आधी ऑलिम्पसच्या नावाने यायचा त्याच घराण्यातला.

कारण सांगतो. माझ्याकडे सेकंडहँड डीएसएलआर होता, जीव की प्राण. जूनमध्ये पाऊस लागला की तो कपाटात जायचा तो दसऱ्यालाच बाहेर. आता हेच चार महिने तर आपल्याकडे बघण्यासारखे! २४ जूनला सांजांव (सेंट जॉनचा सण), शिवोलीला होड्या सजवून आणतात, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या टाकतात, आणि मी कुणाच्या तरी व्हरांड्यात कॅमेरा शर्टाखाली धरून उभा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो, अंगाला तेल लावून सगळे चिखलात खेळतायत, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, आणि मी दोरीच्या बाहेर. तीन वर्षं गेलो, तीन वर्षांचे मिळून धड दहा फोटो नाहीत माझ्याकडे. आणि शेवटच्या वर्षी दसऱ्याला कॅमेरा काढला तर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवला होता, तेच चुकलं हे नंतर कळलं.

टीजी-७ १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, चिखल लागला की नळाखाली धुवायचा. खिशात मावतो. माझ्या बजेटच्या निम्म्याहून कमीत येतो. जो कॅमेरा घटनेच्या आत जाऊ शकत नाही त्याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) कितीही मोठा असो, मला काय उपयोग?

रोमटामेळ

तुझं चिखलकालोचं दुःख समजलं रे, पण निष्कर्ष चुकीचा काढलास. मी शिगमो, म्हणजे आपली होळी, आणि जत्रा काढतो, वीस वर्षं झाली. आपल्याकडची निम्मी दृश्यं रात्रीची आहेत. शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) पहाटेच्या अंधारात होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. साखळीला वीरभद्राचं सोंग रात्री मशालींच्या उजेडात निघतं. तिथे तुझा टीजी काय करणार ते आकड्यात सांगतो.

त्याचा सेन्सर १/२.३३ इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढ, जवळजवळ तीस पट फरक येतो. लेन्सवर एफ/२ लिहिलंय (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) ते फक्त रुंद टोकाला, झूम करून १०० मिलिमीटरला नेलंस की एफ/४.९ होतं. आता मशालीच्या उजेडात नाचणारा माणूस, मला किमान १/२५० सेकंद शटर लागतं, मी एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर बिनधास्त काढतो आणि चेहऱ्यावरचा घाम दिसतो. कॉम्पॅक्टवर ६४०० म्हणजे पोहे सांडल्यासारखा फोटो.

आणि अजून एक, जे दुकानात कुणी सांगत नाही, टीजीमध्ये पूर्ण मॅन्युअल मोडच नाही. ॲपर्चर (लेन्सचं भोक) लावता येतं, शटर स्पीड तुझ्या हातात नाही. शिकायचंय ना तुला? मग ज्याच्यावर शिकता येत नाही तो पहिला कॅमेरा कसा?

पागोळी

दादा, लईराईचं मान्य, तिथे मी हरलो. पण मी वर्षातून तसल्या रात्री किती जातो, चार? आणि पावसाचे दिवस किती, शंभराच्या वर. शटरचं मला माहीत होतं. पण विहिरीतल्या उडीसाठी त्यात प्रो कॅप्चर आहे, बटण पूर्ण दाबायच्या अर्धा सेकंद आधीपासूनचे फोटो साठवतो, सेकंदाला दहा. पाय काठावरून सुटला तो क्षण माझ्या बोटाला कधी सापडला नसता, तो मशीन देतं. आणि मी पाण्यातून वर बघत काढणार, वरून उडी मारणारा अंगावर येतोय असा. तुमच्या फुल फ्रेमने काढून दाखवा.

खोलपाणी

पाण्याचं निघालंय म्हणून बोलतो, कारण इथे गैरसमज होणार. मी ग्रँड आयलंडला सीझनमध्ये डाइव्ह करतो आणि टीजी-६, म्हणजे टीजी-७ च्या आधीचा, वापरलाय. १५ मीटर म्हणजे पुष्कळ वाटतं पण ओपन वॉटर सर्टिफिकेट झालेल्या डायव्हरची मर्यादा १८ मीटर आहे, म्हणजे कॅमेऱ्याची मर्यादा माणसाच्या आधी संपते. सिरियस डाइव्हिंगला वेगळं हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीचा पाणी न शिरणारा डबा) घ्यावंच लागतं. नुसतं स्नॉर्केलिंग, विहीर, ओहोळ, एवढ्याला मात्र तसाच चालतो.

गोव्याचं पाणी गढूळ असतं हे आधी डोक्यात घ्या. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, तो पाण्यातल्या कणांवर पडून परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके, बर्फ पडल्यासारखे. फ्लॅश बंद ठेवा, जवळ जा, अजून जवळ जा. चारपाच मीटर खाली गेलं की लाल रंग गळायला लागतो, म्हणून अंडरवॉटर व्हाइट बॅलन्स (रंग सुधारणारी सेटिंग) लावा आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढा, नाहीतर सगळं निळंहिरवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रबर. बॅटरीच्या दाराला जो रबरी सील असतो त्यावर एक केस, वाळूचा एक कण राहिला की संपलं. माझ्या ग्रुपमध्ये एकाचा असाच गेला, बाहेरून काही दिसत नव्हतं. दार किनाऱ्यावर उघडायचंच नाही, घरी कोरड्या हाताने उघडायचं. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा, आणि सील वर्षाला बदलायचे. हे सगळं करणार असाल तर वॉटरप्रूफ, नाहीतर नाही.

तळ्याकाठी

मला दोन्ही बाजूंचं पटत नाहीय कारण लेन्सबद्दल कुणी बोलतच नाही. करमळीच्या तळ्यावर थंडीत सकाळी उभं राहा, समोर जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, अडया, आणि हातात १०० मिलिमीटरचा झूम. ठिपके येतील. पक्ष्यांना ४०० तरी लागतात. मी कॅननचा आर७ हा मिररलेस आणि आरएफ १००-४०० ही लेन्स वापरते, सेन्सर लहान असल्यामुळे ती लेन्स १६०-६४० सारखी लागते, वजन फक्त ६३५ ग्रॅम, आणि कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस चिकटून राहतो हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तळ्याच्या बांधावर मी एकटीच मोठ्याने ओरडले होते.

पण खोटं सांगणार नाही, त्यातही खोच आहे. सील बॉडीला आहे, त्या लेन्सला नाही. लोक बॉडीवरचं वेदर सील्ड वाचतात आणि स्वस्तातली लेन्स लावून पावसात उभे राहतात. बहुतेक कंपन्या तर सील्ड म्हणतात पण आयपी आकडा (धूळ-पाणी किती अडतं तो) देत नाहीत. ओएम सिस्टमच्याच ओएम-१ ला आयपी५३ आहे, आणि तेसुद्धा उडणाऱ्या पाण्यापुरतं, बुडवायला नव्हे.

एक पाहुणा

एवढं डोकं कशाला लावताय, आजकाल फोन आयपी६८ असतात, त्यावरच काढा की.

खोलपाणी

आयपी६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्रात नाही. आणि पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. एवढंच.

रानअळंबी

मी सत्तरी तालुक्यात शाळेत शिकवते आणि पावसात मुलांना घेऊन रानात जाते, त्यामुळे पागोळीची बाजू घेते, पण त्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही. चिखल आणि उड्या ठीक आहेत हो. टीजीची खरी ताकद त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये आहे. लेन्सच्या काचेपासून एक सेंटीमीटरवर फोकस होतो. एक सेंटीमीटर! कॅमेरा जमिनीवर टेकवून अळंबीच्या छत्रीखालून वर बघता येतं. समोर एक गोल कडं लावता येतं, कॅमेऱ्याचाच एलईडी त्यातून रिंगसारखा पसरतो, त्यामुळे काळोख्या रानातही सावली पडत नाही. आणि सेन्सर लहान आहे म्हणून तुम्ही सगळे नावं ठेवताय, पण इतक्या जवळून काढताना मोठ्या सेन्सरला बेडकाचा डोळा शार्प आला तर नाक ब्लर होतं, इथे अख्खा बेडूक शार्प येतो. म्हणजे तोच दोष इथे गुण होतो.

मागच्या जुलैत चोर्ल्याच्या बाजूला एका डबक्यावरच्या फांदीला मलबार ग्लायडिंग फ्रॉग या बेडकाचं फेसाचं घरटं लागलं होतं. पाऊस धो धो. सातवीतल्या एका मुलीच्या हातात कॅमेरा दिला, मला भीती नव्हती पडेल म्हणून, भिजेल म्हणून. तिने काढलेला फोटो वर्गात लावलाय. दोन लाखांचा मिररलेस मी तिच्या हातात दिला असता का? खरं सांगते, नसता दिला.

मात्र रोमटामेळ दादा म्हणतात ते शटरचं मी पण भोगलंय. म्हादईच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते, हिरवा मंद उजेड, त्याला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, ट्रायपॉड आणि मोठा सेन्सर हवा. तिथे मी हात जोडून नुसती बघत बसते.

रोमटामेळ

ताई, तुमचा मुद्दा शाळेसाठी शंभर टक्के. पण पागोळीला शाळा चालवायची नाही, त्याला फोटोग्राफी करायची आहे आणि त्याच्याकडे दीड लाख आहेत. टीजी घेतला की सहा महिन्यांत त्याला त्याची भिंत लागणार, फोटो मोठा करून बघितला की पानं मेणासारखी चिकटलेली दिसणार, आणि तो परत पैसे जमवायला बसणार. त्यापेक्षा आज बॉडी आणि एक सील्ड लेन्स घे, पावसाचं कव्हर घे, नाही तर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. मी पंधरा वर्षं पिशवीवर काढली आहेत. लेन्सला हूड लाव, खिशात कोरडा पंचा ठेव, बाहेर लेन्स बदलू नको. बुरशीचं म्हणशील तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही, तू तो चार महिने अंधारात कोंडलास.

झिरोबल्ब

बुरशीवर मी बोलतो, घरात जुन्या लेन्सांचं कपाट सांभाळलंय. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवली तर बुरशी येत नाही आणि लेन्समधलं वंगणही सुकत नाही. आपल्याकडे जुलैत घरातही ती ८०-८५ च्या खाली उतरत नाही. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणि निळी सिलिका जेल, गुलाबी झाली की मंद तव्यावर परत निळी करायची. तांदूळ घालू नका, पीठ उडतं. आमचे बाबा कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचे, तारेचा, कारण त्याची ऊब लागायची. एलईडीने ते होत नाही. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा, उजेड दाखवा.

ही काळजी टीजीलाही लागते बरं का. सील बाहेरचं पाणी बाहेर ठेवतं तसं आत शिरलेली दमट हवा पण आतच ठेवतं. पावसाळी हवेत दार उघडून बॅटरी बदलली आणि थंड विहिरीत उडी मारली की आत वाफ धरू शकते. एसी लावलेल्या खोलीत उघडून बंद करा.

पागोळी

देव बरें करूं सगळ्यांना. झिरोबल्ब, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण ती लेन्स वाचली असती.

रोमटामेळ दादा, तुमच्या भिंतीवर दोन रात्री विचार केला. पानं मेणासारखी दिसतील हे मान्य, मी नेटवरून रॉ फाइल उतरवून मोठी करून बघितली, तसंच आहे. तरी मी टीजीच घेतोय. तुम्ही पिशवी बांधून चिखलाच्या काठावर उभे राहता, ते तुम्हाला जमतं कारण वीस वर्षांत तुम्हाला कुठे उभं राहायचं ते कळलंय. मला अजून ते कळायचंय आणि ते मला आत जाऊन, खेळणाऱ्यांच्या पायात बसून कळेल असं वाटतं. उरलेले पैसे हलवणार नाही. ड्राय कॅबिनेट आत्ताच घेतो, कॅमेऱ्याच्या आधी. पुढच्या शिगम्याला मिररलेस भाड्याने घेईन, चार रात्रींचाच तर प्रश्न आहे.

रोमटामेळ

भाडं देऊ नको. साखळीला वीरभद्राला माझी दुसरी बॉडी तुला देतो, एफ/२.८ सकट. पण एका अटीवर, तोवर तुझ्या त्या डबीने काढलेले चिखलकालोचे फोटो मला पाठवायचे, न निवडता, सगळे.

तळ्याकाठी

आणि घ्यायच्या आधी दुकानात विचार, दुरुस्ती कुठे होते आणि सीलचे रबर भारतात मिळतात का. लेखी घे.